चार बाइटांचे भाऊजी

माझ्या ताईच्या नवऱ्याला जागा वाया गेलेली खपत नाही. माणसे वाया गेली तर चालतात. डब्यात भाजीच्या वर दोन बोटे रिकामी राहिली की भाऊजींच्या कपाळावर आठी चढते आणि ते उठून छोटा डबा शोधू लागतात. त्यांच्या घरात सगळे असे मापात आहे. फडताळ भिंतीच्या कोपऱ्यात असे कोंबले आहे की त्याचे एक दार अर्धेच उघडते. सोफा दोघांचा, कारण घेतला तेव्हा घरात माणसे दोन होती. पुढे मुलगी झाली, ती सोफ्याच्या हातावर बसून मोठी झाली. तिचे बूट नेमक्या मापाचे आणायचे, आणि ते चावायला लागले की पोरीचे पाय भलतेच भराभर वाढतात म्हणून कुरकुर करायची, ही भाऊजींची रीत.

आमची आई पहिल्यांदा त्यांच्याकडे राहायला गेली तेव्हा तिला स्टुलावर बसावे लागले. मी विचारले, "भाऊजी, पाहुणं आलं तर बसायचं कुठे?"

"पाहुणा हा अपवाद आहे," भाऊजी म्हणाले. "अपवादासाठी कायमची जागा अडवून ठेवायची नसते."

सासूला अपवादात काढणारा दुसरा जावई मी तरी पाहिलेला नाही. ताई मात्र हसली. तिला तेव्हा त्यांचे सगळेच हुशारीचे वाटायचे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ते जाता-येता ऐकवायचे आणि ही मान डोलवायची. यांचे अंथरूणच असे की पाय पसरायचे म्हटले तर आधी खोलीचे दार उघडावे लागते.

हा गृहस्थ आमच्या विजेच्या तारांच्या डेपोत संगणक विभागाचा प्रमुख आहे. मीही तिथेच काम करते, कापणीच्या खिडकीवर. माझी नोकरी त्यांच्यामुळे लागली असे त्यांनी निम्म्या डेपोला सांगून ठेवले आहे. प्रत्यक्षात मी त्यांच्या आधीपासून तिथे आहे आणि ताईची न् त्यांची ओळखही माझ्यामुळे झाली. म्हणजे उपकार कुणाचे आणि कुणावर, ते तुम्हीच बघा.

डेपोला दोन तोंडे. मागच्या फाटकातून कारखान्यांचे ट्रक तारेची अख्खी रिळे घेऊन जातात. पुढची खिडकी किरकोळ गिऱ्हाइकांची. वायरमन, पंखेदुरुस्तीवाले, घराचा एखादा दिवा बदलायला निघालेले लोक, असे तिथे रांगेत असतात. त्यांना लागतो तुकडा. कुणाला अर्धा मीटर, कुणाला साठ सेंटीमीटर, फार तर मीटर. खिडकीच्या फळीवर खुणा केलेली लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. गिऱ्हाईक सांगणार, मी ते संगणकात टाकणार, पडद्यावर त्या तारेचा शिल्लक साठा दिसणार, पावती निघणार, आणि शेजारी पक्कडदादा तार ओढून कापून देणार.

पक्कडदादांना सगळे पक्कडदादाच म्हणतात, त्यांच्या बायकोसकट. हातात कायम पक्कड, म्हणून पक्कडदादा. भरदार अंगाचा, कमी बोलणारा, पण बोलला की टोला हाणणारा माणूस. कुणी खोली न मोजता तार न्यायला आले तर म्हणायचे, "आज हा तुकडा न्या, उद्या उरलेला न्यायला या, मी इथेच आहे." कापणी अशी की पट्टीवरच्या खुणेला एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. मापाच्या बाबतीत त्यांनी ओळखीपाळखीला कधी दाद दिली नाही. माझ्या सख्ख्या मामाला त्यांनी एकदा बोटभर जास्त दिले नव्हते आणि मामा माझ्यावर रुसून बसला होता. अशा माणसावर पुढे काय बालंट आले ते सांगते, पण त्याआधी भाऊजींचा पराक्रम सांगायला हवा, कारण ते बालंट त्या पराक्रमाच्या पोटी आले.

भाऊजींच्या आधी संगणक विभाग एक वयस्क कारभारी बघायचे. त्यांच्या पद्धतीत साठा विचारला की संगणक जन्मापासूनच्या सगळ्या नोंदींची बेरीज करत बसायचा. आकडेही त्यांनी लांबलचक दशांशात ठेवलेले, पुढे इतकी घरे, मागे इतकी घरे. बेरीज बिनचूक यायची, पण यायची तेव्हा यायची. पडद्यावर गोल फिरत राहायचा आणि रांग रस्त्यापर्यंत जायची. लोक मला शिव्या घालायचे, मी संगणकाला घालायची. हे खरे आहे आणि ते मी नाकारत नाही.

ते कारभारी निवृत्त झाले आणि भाऊजी खुर्चीवर बसले. त्यांनी पहिल्या झटक्यात दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे रोजची बेरीज बंद केली. प्रत्येक तारेला एक चालू आकडा ठेवला, आजवर एकूण किती मीटर विकली त्याचा. तुकडा कापला की त्या आकड्यात तेवढी भर घालायची. आलेला माल वजा विकलेला माल म्हणजे शिल्लक. एकच वजाबाकी, चुटकीसरशी उत्तर. ही गोष्ट चांगली होती. दुसरी गोष्ट म्हणजे तो आकडा ठेवायला त्यांनी जागा निवडली ती सगळ्यात छोटी.

हे मला कसे माहीत? तर त्यांनीच ऐकवले. एकदा नाही, शंभरदा. जेवताना, ताईच्या वाढदिवसाला, आईच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून. संगणकातली जागा बाइटमध्ये मोजतात. नुसते पूर्ण आकडे ठेवायचा एक प्रकार असतो, त्यात अपूर्णांक बसत नाही. दशांश नेमका ठेवायचा एक प्रकार असतो, तो जागा खातो आणि हळू चालतो. आणि तिसरा असतो फ्लोट. त्यात अपूर्णांकही बसतो, प्रचंड मोठा आकडाही बसतो, आणि सगळे बसते फक्त चार बाइटांत.

"चार बाइट!" भाऊजी चार बोटे नाचवत म्हणायचे. "म्हाताऱ्याने सतरा बाइट अडवून ठेवले होते. तारेचा तुकडा ठेवायला राजवाडा!"

त्या कारभाऱ्यांनी निरोपाच्या दिवशी त्यांना चहाच्या कपासोबत एक सल्ला दिला होता. मी तिथेच उभी होते. म्हणाले, "लांबी सेंटीमीटरमध्ये ठेवा, म्हणजे अपूर्णांकाची भानगडच नाही. पूर्ण आकडा घ्या, आणि आठ बाइटांचा घ्या. धंदा वाढतो." भाऊजी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काका, आता आराम करा." नंतर तो किस्सा त्यांनी विनोद म्हणून सांगायला सुरुवात केली. मालकसुद्धा हसायचे. आमच्या मालकांना संगणकातले ओ की ठो कळत नाही, त्यामुळे संगणकवाला हसला की ते हसतात.

रांग गेली. खिडकीवर बटण दाबले की उत्तर हजर. मालकांनी भाऊजींचा सत्कार केला, काचेची एक उभी पट्टी दिली, तिच्यावर धावत्या घोड्याचे चित्र. ती ठेवायला घरात जागा नव्हती म्हणून ती ऑफिसच्या टेबलावर आली. दुसऱ्या डेपोंतली पोरे त्यांच्याकडे शिकायला येऊ लागली, आणि भाऊजी त्यांना "आकड्याचा प्रकार निवडणं ही एक कला आहे" असे नाकाने कांदे सोलत सांगू लागले. उथळ पाण्याला खळखळाट फार. पण पाणी उथळ आहे हे कळायला काही वर्षे जावी लागली.

त्या वर्षांत धंदा वाढला. राखाडी तार, जी सगळ्यात जास्त खपते, तिचे रीळ आले की गेले. मग वार्षिक मोजणी झाली. गोदामातली राखाडी तार मोजली, आणि संगणक सांगत होता त्यापेक्षा ती कमी भरली. थोडीथोडकी नाही, रिळेच्या रिळे कमी. पुन्हा मोजली. तेवढीच कमी. तारेत तांबे असते, आणि तांबे कुठेही विकता येते. त्यामुळे लोकांच्या डोक्यात जो शब्द यायचा तोच आला.

मालकांनी भाऊजींना बोलावून विचारले, "संगणक चुकू शकतो का?"

"संगणक कसा चुकेल?" भाऊजी म्हणाले.

बस. एवढेच म्हणाले. तपासून सांगतो नाही, बघतो नाही. संगणक चुकत नाही म्हणजे माणूस चुकला. ट्रकमधून जाणारी रिळे दोन ठिकाणी मोजली जातात. राहिली खिडकी. खिडकीवर दोन माणसे, मी आणि पक्कडदादा. माझ्या हातात नुसता कीबोर्ड, आणि शिवाय मी साहेबांची मेहुणी. तार कुणाच्या हातात असते? पक्कडदादांच्या. झाला निवाडा.

दादांना खिडकीवरून उठवले आणि मागच्या फाटकावर ट्रक मोजायला बसवले, चौकशी होईपर्यंत. त्यांची पिशवी जाता-येता तपासायला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने पिशवीतून त्यांचा जेवणाचा डबा काढला, उघडला, आत पाहिले, आणि झाकण लावून परत दिला. मी पहारेकऱ्याला म्हटले, "रस्सापण ढवळून बघ रे, तळाशी रीळ असेल." तो ओशाळला. दादांनी मात्र डबा पिशवीत घातला आणि पुढे चालू लागले.

संध्याकाळी दादा मला फाटकाशी म्हणाले, "बाई, पोराच्या सासरी कळलंय."

"काय कळलंय?"

"जे इथे बोलतात तेच. इतक्या वर्षांत मला कुणी नावं ठेवली असतील, रागीट म्हणाले असतील, तुसडा म्हणाले असतील. चोर कुणी म्हटलं नव्हतं. नोकरी गेली तर मी दुसरी बघेन. हे नाव घेऊन कुठे जाऊ?"

दादा असं करतील का, असे मी भाऊजींना विचारले तर ते म्हणाले, "कुणाच्या मनात काय असतं, आपल्याला काय कळणार?" काय पण तत्त्वज्ञान!

मग एक दिवस ताईने माझ्यासोबत त्यांचा डबा पाठवला, सकाळी घाईत राहिला होता म्हणून. मी त्यांच्या काचेच्या खोलीत शिरले तर त्यांना मी आल्याचे कळलेच नाही. ते पडद्यावर वाकले होते. राखाडी तारेचा विक्रीचा आकडा समोर होता, एक कोटी सदुसष्ट लाखांच्या पुढे गेलेला. भाऊजी त्यात साठ सेंटीमीटर मिळवत होते. बटण दाबले. आकडा तोच. पुन्हा मिळवले. आकडा तोच. मग पाच मीटर मिळवले, तेव्हा आकडा हलला. पुन्हा साठ सेंटीमीटर. ढिम्म. त्यांच्या मानेवर घाम आला होता आणि खोलीत तर पंखा चालू होता.

"भाऊजी, हे काय?"

ते दचकले. आधी पडदा झाकायला गेले, मग म्हणाले, "दार लाव."

मी दार लावले. त्यांनी सांगितले, आणि मला मान्य करायला हवे की चांगले समजावून सांगितले. चार बाइटांच्या फ्लोटमध्ये आकडा हवा तेवढा मोठा होतो, पण त्याला फक्त पुढचीच घरे नीट लक्षात राहतात. आकडा त्या हद्दीच्या पुढे गेला की तो दोन-दोनच्या उड्या मारायला लागतो. मोठा माल टाकला तर हलतो. मीटरच्या आतला तुकडा टाकला तर त्याला तो दिसतच नाही. म्हणजे खिडकीवर दिवसभर तुकडे कापले जायचे, पावत्या निघायच्या, गिऱ्हाईक तार घेऊन जायचे, आणि संगणकाच्या मते काहीच विकले गेलेले नसायचे. तार गोदामातून कमी होणार आणि संगणकात तशीच राहणार. दुसरे काय होणार?

"म्हणजे दादांनी काही नेलेलं नाही," मी म्हटले.

"हळू बोल."

"का हळू बोलू? चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, इथे तर चोरच नाही!"

"हे बघ," भाऊजी रुमालाने मान पुसत म्हणाले, "मी हे सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करतो. एकदा दुरुस्त झालं की तूट थांबेल. तूट थांबली की विषय संपेल. विषय संपला की त्यालाही परत घेतील. उगाच बोभाटा कशाला?"

"आणि जुनी तूट? पावत्यांच्या नोंदी आहेत ना, त्यांची बेरीज करून दाखवा मालकांना."

"तेवढी बेरीज चालवली तर सगळ्यांना कळेल मी काय करतोय ते."

कळू नये हीच तर अडचण होती. त्यांनी सुट्टीच्या दिवशी गुपचूप काम उरकले. लांबी सेंटीमीटरमध्ये केली, पूर्ण आकड्यात, आठ बाइटांत. म्हणजे त्या काकांनी चहाच्या कपासोबत फुकट सांगितले होते, नेमके तेच. गोदामात प्रत्यक्ष मोजलेला साठा सुरुवातीचा आकडा म्हणून घातला आणि मागचे सगळे पुसून टाकल्यासारखे केले. दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर पहिला तुकडा टाकला. उत्तर तेवढ्याच वेगाने आले. तसूभरही फरक नाही. वेग आला होता तो चालू बेरजेमुळे, चार बाइटांमुळे नव्हेच. ज्या काटकसरीचा हा माणूस एवढी वर्षे टेंभा मिरवत होता, तिच्याने कुणाचा एक क्षणही वाचला नव्हता. मला त्या पडद्यावर थुंकावेसे वाटले.

महिन्याने पुन्हा मोजणी झाली. साठा बरोबर. एक मीटरचीही तूट नाही. मालक स्वतः खिडकीवर आले, फळीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंत? माणूस हलवला आणि चोरी थांबली! मी म्हणतच होतो." भाऊजी त्यांच्या मागे उभे होते. विषय संपेल म्हणणारे भाऊजी. त्यांनी केलेली दुरुस्तीच दादांच्या विरुद्धचा पुरावा झाली होती, आणि हे त्यांना माझ्याइतकेच कळले होते, कारण त्यांनी माझ्याकडे बघायचे टाळले. मान मात्र डोलवली. मालकांपुढे मान डोलवायची सवय, ती आपोआप हलते.

मी तिथल्या तिथे म्हटले, "मालक, चोरी झालेलीच नाही. संगणकात आकडा चुकीचा ठेवला होता. ह्यांना विचारा."

मालकांनी वळून विचारले, "ही काय म्हणतेय?"

"तिला त्यातलं फारसं कळत नाही," भाऊजी हसून म्हणाले.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता सरळ ताईकडे गेले. त्या दोघांच्या सोफ्यावर बसून तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. भाऊजी आले तेव्हा ती तशीच बसून होती. तिने बूट काढू दिले नाहीत त्यांना.

"हे खरं आहे का?" तिने विचारले.

"तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..."

"मी तांत्रिक विचारलं नाही. तो माणूस चोर आहे का?"

"नाही."

"मग उद्या जाऊन सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी येईन डेपोत, आणि मी कशी सांगेन ते तुम्हाला आवडणार नाही."

ताईचा तो आवाज मी लहानपणी ऐकलेला होता. भाऊजींनी तो पहिल्यांदाच ऐकला असावा. ते दारातल्या पायपुसण्यावर बराच वेळ उभे होते, कारण सोफा दाराला खेटून होता, आत यायचे तर ताईला उठावे लागले असते आणि ताई उठत नव्हती.

त्यांनी सांगितले. म्हणजे त्यांच्या पद्धतीने. एक अहवाल लिहिला. त्यात आकडे होते, तक्ते होते, "साठवणुकीच्या प्रकाराची नैसर्गिक मर्यादा" असे शब्द होते. "मी" हा शब्द कुठे नव्हता. मालकांनी पहिले पान उलटून विचारले, "म्हणजे आता सगळं ठीक आहे ना?" भाऊजी हो म्हणाले. दुपारी फलकावर सूचना लागली: "तांत्रिक कारणामुळे दिसणारी साठ्यातील तफावत संगणक विभागाने यशस्वीरीत्या दूर केली आहे." आणि खाली, पक्कडदादांना खिडकीवर परत पाठवत आहोत. वर भाऊजींचे अभिनंदन झाले, दोष शोधून काढल्याबद्दल! मी त्यांना म्हटले, "लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" तर म्हणाले, "मी कुठे मागितलं होतं अभिनंदन?"

दादा परत आले. फळीवर हात फिरवला, पक्कड उघडझाप करून बघितली. पहिलेच गिऱ्हाईक, ओळखीचा वायरमन, डोळा मारून म्हणाला, "काय दादा, सुटलात का?" दुसरा म्हणाला, "वरपर्यंत ओळख दिसते." ट्रकवाले, हमाल, पहारेकरी, सगळ्यांची समजूत एकच. पकडला गेला, हातापाया पडला, साहेबांनी मिटवले. फलकावरची सूचना वाचून कुणाचा काय समज बदलणार? तफावत म्हणजे काय हे निम्म्यांना माहीत नाही आणि उरलेल्यांना ते चोरीचेच सभ्य नाव वाटले.

तिसऱ्या दिवशी भाऊजी समोरून चालले होते, तेव्हा त्यांनी हाक मारली. "साहेब, एक काम होतं. एकदा खिडकीवर येऊन सांगा. रांग असताना. चार लोकांत मला चोर म्हटलं, चार लोकांत सांगा की मी नाही. बाकी मला काही नको."

भाऊजींना नाही म्हणता आले नाही, कारण ताईही त्या दिवशी माझ्या शेजारी उभी होती. ती शिकवते त्या शाळेतून मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. कशासाठी आली ते तिने नवऱ्याला सांगितले नव्हते, आणि त्यांनी विचारले नव्हते.

भाऊजी फळीच्या आत येऊन उभे राहिले. रांगेत वायरमन होते, दोन बायका होत्या, एक म्हातारा हातात जळका प्लग घेऊन उभा होता. मागून हमालही गोळा झाले. भाऊजींनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. आकडे किती प्रकारचे असतात, फ्लोट म्हणजे काय, जगभर तो का वापरतात, त्याचे फायदे कोणते. लोक आधी ऐकत होते, मग एकमेकांकडे बघू लागले. भाऊजींना रंग चढला. हवेत बोटाने आकडे काढू लागले. माझ्याशी बंद दारामागे जो माणूस चार वाक्यांत बोलला होता, तो चार लोकांत एका वाक्यात बोलायला तयार नव्हता.

"...म्हणजेच, खिडकीवरचे छोटे तुकडे संगणकाच्या नजरेस पडत नव्हते," असे म्हणून ते थांबले.

रांगेतला वायरमन पुढे झुकला. "असं होय! म्हणजे संगणकात दिसायचं नाही, म्हणून याचं फावलं होतं."

मागे कुणीतरी हसले. प्लगवाला म्हातारा मान हलवत म्हणाला, "डोकं आहे हं माणसाला."

मी ओरडले, "अहो नाही! त्यांनी काही नेलेलं नाही. चूक ह्यांची होती!"

दादांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "तुम्ही नका सांगू, बाई. त्यांना सांगू द्या."

आणि ते भाऊजींकडे बघत राहिले. सगळी रांग बघत राहिली. ताई बघत राहिली. एकच वाक्य हवे होते. हा माणूस चोर नाही, चूक माझी. एवढे तर त्या चार बाइटांतसुद्धा मावले असते. भाऊजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"तसं इतक्या सोप्या भाषेत सांगणं बरोबर होणार नाही," ते म्हणाले. "विषय जरा गुंतागुंतीचा आहे."

दादांनी त्या म्हाताऱ्याची तार आधी कापून दिली, खुणेवर, बरोबर. मग पक्कड फळीवर ठेवली, खुंटीवरची पिशवी काढली, आणि फाटकाशी जाऊन ती स्वतःच पहारेकऱ्यापुढे उघडी धरली. पहारेकऱ्याने बघितले नाही. दादा बाहेर पडले ते परत आले नाहीत. ताई त्यांच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेली. तिथे ती त्यांच्याशी काय बोलली ते तिने मला अजून सांगितलेले नाही, पण ती तिथून नवऱ्याच्या घरी गेली नाही, आईकडे गेली.

रांग पुन्हा पुढे सरकू लागली. तार कापायला कुणी नव्हते, म्हणून भाऊजींनी ती पक्कड उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि खाली ठेवली. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, "समजलं असेल ना लोकांना?"

"हो भाऊजी," मी म्हटले. "तुम्ही कोण आहात ते सगळ्यांना समजलं."